उताराचे पाणी, फिरकीचे पाणी

बडोद्याच्या वायव्येला, रेल्वेरुळांपलीकडे गोरवा लागते. एकेकाळचे हे गाव आता शहराच्या पोटात गेले आहे. दशामाचे तळे, बीआयडीसीची औद्योगिक वसाहत, अलेम्बिककडून येणारा रस्ता आणि पुढे रिफायनरीकडे जाणारा रस्ता, एवढ्या खुणांवर परका माणूस ते ओळखतो. या पट्ट्याचा इतिहास सांगायची एक ठरलेली रीत आहे. सयाजीरावांनी 1890 साली कलाभवन काढले, तिथले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर, त्यांचे सहकारी कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्या खटपटीतून 1907 साली अलेम्बिक उभी राहिली, मग औषधे, काच, रसायने आणि 1965 साली कोयलीची रिफायनरी. कोटिभास्करांच्या नावापाशी मराठी वाचक क्षणभर थांबतो, तेवढा मान द्यायलाच हवा. या कथेत पंपाच्या वाट्याला एखादी ओळ येते: भाईलालभाईंचे चिरंजीव नानुभाई अमीन यांनी 1943 साली ज्योती ही कंपनी काढली आणि पंप, मोटारी, जलविद्युत टर्बाइन बनवण्यात तिने नाव कमावले. माझे म्हणणे असे की पाण्याच्या बाजूने पाहिले तर ही एक ओळ बाकीच्या प्रकरणाहून मोठी आहे. पंप येण्याआधी या भागातल्या प्रत्येक पाणीव्यवस्थेला स्वतःची कमाल मर्यादा होती, आणि ती मर्यादा तिच्या बांधणीतच असे. पाणी उचलण्याऐवजी ते गरगर फिरवायचे तंत्र हातात आले आणि ती गेली. त्यानंतर मर्यादा बाहेरून घालावी लागली: कायद्याने, वीजबिलाने, नाहीतर विहीर आटल्यावर.

आधी उताराचे पाणी पाहू. शहराच्या पूर्वेला असलेले अजव्याचे सयाजी सरोवर 1885 ते 1892 या काळात बांधले गेले. अभियंता जगन्नाथ सदाशिवजी यांच्या देखरेखीखाली कित्येक किलोमीटर लांबीचा मातीचा बांध घातला गेला, आणि तिथून पाणी निमेट्याच्या गाळणीमार्गे निव्वळ उताराने शहरात आले. वाटेत ना वाफेचे इंजिन, ना पंपघर. सरोवराची पातळी शहराहून उंच आणि नळ त्या उताराच्या बेताचे, एवढ्याच भांडवलावर ही योजना सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालली आहे. या योजनेचे कौतुक बडोदेकर नेहमी करतात आणि ते रास्तच आहे, पण कौतुकाच्या भरात तिच्यातली सर्वांत शहाणी गोष्ट निसटते. अजव्याची मर्यादा आकड्यात लिहिलेली आहे. सांडव्यावर 62 दरवाजे आहेत आणि पाणी 211 फुटांच्या वर चढू लागले की शहराचे लक्ष तिकडे लागते. पावसाळ्यात अजव्याची पातळी आणि काळाघोड्याच्या पुलाखाली विश्वामित्रीची पातळी, हे दोन आकडे बडोद्यात घरोघरी विचारले जातात. कमी पाऊस झाला तर सरोवर किती भरले हेही त्याच फूटपट्टीवर दिसते. तीन लाख लोकसंख्या धरून ही योजना आखलेली होती. 1891 मध्ये शहरात सव्वा लाखसुद्धा माणसे नव्हती, म्हणजे दरबाराने पुढच्या पिढ्यांचा विचार भरपूर केला होता. तरी तो विचार एका आकड्यापाशी थांबत होता आणि तो आकडा सर्वांना ठाऊक होता.

त्याहून जुन्या व्यवस्थेतही हेच दिसते. गोरव्याच्या पश्चिमेला सेवासी गावात 1543 साली बांधलेली वाव आहे. पायऱ्या उतरून माणसाने पाण्यापर्यंत जायचे आणि भरलेली घागर डोक्यावर घेऊन वर यायचे. पाणी किती निघणार हे पायऱ्यांची संख्या आणि बाईच्या मानेची ताकद यांवर ठरे. शेताच्या विहिरीवर मोट, गुजरातीत कोस. मोटेचे गणित फार सरळ आहे. विहीर जेवढी खोल, तेवढी बैलांची धाव लांब. बैल उतारावरून खाली गेले की मोट वर येते, थारोळ्यात रिकामी होते आणि बैल उलट पावली वर चढतात. खोली वाढली की धाव वाढवायची, धाव वाढली की एका खेपेला लागणारा वेळ वाढतो, आणि एका मर्यादेनंतर बैलजोडीच्या चाऱ्याएवढेही पीक त्या पाण्यावर निघत नाही. विहिरीतले पाणी कुणाच्याही उपदेशावाचून सुरक्षित राही, कारण ते उपसणे परवडत नसे. यात पुण्य काही नव्हते. वाव आणि विहीर यांच्या मर्यादा सगळ्यांना सारख्या नव्हत्या हेही विसरता येत नाही. 1917 साली बडोदा दरबारच्या नोकरीत आलेल्या डॉ. आंबेडकरांना ज्या शहरात राहायला जागा मिळाली नाही, त्या मुलुखात कोणत्या पाणवठ्यावर कोणी घागर बुडवायची हे जात ठरवत होती. मर्यादेची आठवण काढताना ही आठवणही सोबत ठेवली पाहिजे.

आता फिरकी. अपकेंद्री पंपात पाणी उचलणारी कोणतीही बादली किंवा दट्ट्या नसतो. मधोमध एक पंखा असतो, त्याच्या मध्यातून पाणी आत येते, पात्यांच्या सोबत गरगर फिरते आणि कडेला फेकले जाते. रवीने ताक घुसळताना मध्ये खळगा पडतो आणि ताक कडेने वर चढते, तसाच हा दाब. पण नुसता वेग देऊन भागत नाही. पंख्याच्या कडेला पाणी वेगात असते आणि आपल्याला हवा असतो दाब. वेगाचा दाब करण्यासाठी पंख्याभोवती शंखासारखे रुंदावत जाणारे कवच असते, त्यात पाणी फिरत फिरत मंदावते आणि मंदावताना दाब वाढतो. म्हणजे पंपाच्या पोटात एक कामाला जुंपलेला भोवराच असतो. डेनिस पापाँने सतराव्या शतकाच्या शेवटी सरळ पात्यांचा असा पंप केला होता, आणि ऑयलरने अठराव्या शतकाच्या मध्यावर फिरत्या चाकातल्या पाण्याचे समीकरण मांडले. तेच समीकरण आजही अभियांत्रिकीच्या पहिल्या धड्यात असते. तरी पंप खऱ्या अर्थाने उपयोगी ठरला 1851 साली लंडनच्या महाप्रदर्शनात. जॉन अॅपोल्डने पाती वाकडी केली, आणि तिथल्या चाचणीत त्याच्या पंपाने 68 टक्के कार्यक्षमता दाखवली. सरळ पात्यांना जेमतेम 24 टक्के मिळाले. फरक निव्वळ पात्याच्या बाकाचा. सरळ पात्यावर आदळून पाण्यात जे छोटे छोटे भोवरे फुटतात ते शक्ती खाऊन टाकतात. वाकड्या पात्यावर पाणी सरकत जाते.

याच काळात एका घरातल्या दोन भावांनी भोवऱ्याची दोन वेगळी शास्त्रे उभी केली, आणि माझ्या युक्तिवादाला त्यांचा उपयोग आहे. धाकटा विल्यम थॉमसन, पुढचा लॉर्ड केल्व्हिन. हेल्महोल्ट्झने 1858 मध्ये दाखवले होते की घर्षण मुळीच नसलेल्या द्रवात भोवरा जन्मतही नाही आणि मरतही नाही. त्यावर भाळून केल्व्हिनने 1867 मध्ये मांडले की अणू म्हणजे विश्वव्यापी द्रवातले अमर भोवरे असावेत. पदार्थविज्ञानातली ही फार देखणी चूक होती. तिच्यातून गाठींचे गणित निघाले आणि भोवऱ्यांची ती समीकरणे आज प्लाझ्माच्या अभ्यासातही कामी येतात. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 1989 मध्ये सुरू झालेल्या आदित्य टोकामॅक यंत्रात तापलेला वायू चुंबकाने कोंडून ठेवताना शास्त्रज्ञांची दमछाक करतात ते असलेच भोवरे. थोरला भाऊ जेम्स थॉमसन अभियंता होता. त्याने 1850 च्या दशकात पंपाच्या पंख्याभोवती मोकळी गोल जागा ठेवून तिथे पाणी निवांत भोवऱ्यात फिरू देण्याची आणि त्यातून दाब मिळवण्याची कल्पना मांडली. पुढे 1876 मध्ये याच माणसाने नदीच्या वळणावर तळाचे पाणी आतल्या काठाकडे का सरकते आणि गाळ तिकडे का साचतो हेही समजावून सांगितले. धाकट्याच्या द्रवात घर्षण नव्हते, थोरल्याच्या पाण्यात होते. गोरव्याच्या पट्ट्यात जो धंदा रुजला तो थोरल्याच्या वंशातला.

पंपाचा धंदा म्हणजे ओतकाम आणि लेथ, एवढीच अनेकांची समजूत असते. पंपाची खरी परीक्षा पाण्याच्या टाकीत होते. ज्या खड्ड्यातून मोठा उभा पंप पाणी ओढतो, त्या खड्ड्यात पाणी पुरेसे खोल नसेल किंवा एका बाजूने तिरके येत असेल, तर पृष्ठभागावर आधी नुसती खळी पडते, मग ती फिरू लागते, लांब होत जाते आणि शेवटी तिची शेपटी पंपाच्या तोंडात शिरते. त्या शेपटीतून हवा आत जाते. पंप घरघरतो, थरथरतो, पाणी कमी देतो, बेअरिंगे झिजतात. कवचातला भोवरा आपण घडवलेला आणि हा बाहेरचा आगंतुक, दोघांचे भौतिकशास्त्र एकच: मध्याकडे जावे तसा वेग वाढत जातो. उपाय साधे आहेत. तोंड घंटेसारखे पसरट करायचे, त्याखाली तळाला शंकू बसवायचा, भिंतीपासून अंतर नेमके ठेवायचे, पाण्यात उभ्या फळ्या घालायच्या. साधे असले तरी किती अंतर, केवढी फळी, हे कागदावर सुटत नाही. छोटे प्रतिरूप करून बघावे लागते. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने 1885 च्या सुमारास मर्सी नदीच्या मुखाचे छोटे प्रतिरूप करून ही रीत दाखवली. आपल्याकडे ती पुण्याजवळ वाढली. मुंबई इलाख्याने 1916 साली काढलेला छोटा विभाग 1925 मध्ये खडकवासल्याला गेला, सी. सी. इंग्लिस यांच्या हाताखाली नद्यांच्या वळणांचे, बंधाऱ्यांचे, बंदरांचे मातीतले नमुने तिथे वाहू लागले, आणि पुढे द. वि. जोगळेकरांच्या संपादनाखाली नद्यांच्या वागणुकीवर आणि नियंत्रणावर ग्रंथ तयार झाला. खडकवासल्याच्या त्या संशोधन केंद्रात आजही पंपांच्या खड्ड्यांचे नमुने तपासले जातात. सिद्धान्त परदेशातून आले आणि इथे फक्त वापरले गेले, असे जे म्हटले जाते त्याला माझे उत्तर खडकवासला आहे. इंग्लिसचे वळणांवरचे काम जगभरच्या नदीशास्त्राने उचलले, आणि त्यासाठी लागणारा गाळ, पूर आणि मोजमापे भारतातल्या नद्यांची होती. किर्लोस्करवाडी असो वा गोरव्याचा शेजार, कारखान्यातली चाचणीची टाकी ही प्रयोगशाळाच आहे, भले तिच्या भिंतीला ऑइलपेंट असो.

पहिला आक्षेप सहज सुचतो. मर्यादा घालवली ती विजेने. पंप हे निमित्त. बैलाऐवजी मोटार आली, यात भोवऱ्याचे कौतुक कसले? यात तथ्य आहे, कारण अपकेंद्री पंप वेगाने फिरला तरच कामाचा आणि आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर चालणारी साधी मोटार मिनिटाला 1,450 किंवा 2,900 च्या घरात फेरे मारते. पंखा आणि तार यांची जोडी जमली म्हणून दोघांचा संसार झाला. पण वीज नुसती आली असती आणि पंप दट्ट्याचाच राहिला असता, तर काय झाले असते? दट्ट्याचा पंप जड, महाग, झडपांनी भरलेला. वाळू गेली की अडकणारा. वाफेवरचे असले पंप एकोणिसाव्या शतकात शहरांच्या पाणीपुरवठ्यात आणि गिरण्यांमध्ये होतेच, आणि ते तिथेच राहिले. अर्धा एकर मळ्याच्या विहिरीवर ते कधी उतरले नाहीत. फिरकीचा पंप उतरला, कारण त्याच्यात हलणारा भाग एकच. शेतकऱ्याने पाइपाच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह लावायचा, सकाळी पंपात पाणी भरून हवा काढायची आणि बटण दाबायचे. वीज हे इंधन होते; विहिरीच्या कठड्यावर मावणारे यंत्र मात्र भोवऱ्याच्या ज्ञानातून आले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. पंपालाही मर्यादा असतेच: हवेचा दाब पाण्याला साडेदहा मीटरच्या आतच वर ढकलू शकतो, प्रत्यक्षात सात मीटर ओढले तरी पुष्कळ. मग पंपाने मर्यादा घालवली असे कसे म्हणायचे? या आक्षेपाचे उत्तर आपल्या विहिरींनीच दिले आहे. पाणी खाली गेले तसा पंप कठड्यावरून विहिरीतल्या टप्प्यावर उतरला. आणखी खाली गेले तर उभ्या दांड्यावर एकावर एक पंखे चढवलेला पंप बोअरमध्ये सोडला, आणि मग मोटारीसकट पाण्यात बुडणारा सबमर्सिबल आला. दर वेळी मर्यादा निसर्गाने सांगितली आणि दर वेळी फिरकीचे नवे रूप तिच्या पलीकडे गेले. मोटेला ही सोय नव्हती. बैलांची धाव शेताबाहेर जाऊ शकत नाही. उत्तर गुजरातेत मेहसाण्याकडे भूजल किती खोल गेले हे सर्वश्रुत आहे. शेवटी गुजरातने 2003 पासून ज्योतिग्राम योजनेत गावची आणि शेतीची वीज वेगवेगळ्या तारांवर टाकली आणि शेतीला दिवसाला आठ तास ठरवून दिले. विहिरीतून हरवलेली मर्यादा तारेवर परत बसवावी लागली, यापेक्षा चांगला पुरावा मी मागणार नाही.

तिसरा आक्षेप बडोद्यातलाच. उताराच्या व्यवस्थेचे एवढे गोडवे गाताना ती पुरली नाही हे का लपवायचे? लपवायचे कारण नाही. 1961 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास आली, म्हणजे अजव्याच्या आराखड्यातला आकडा गाठला गेला, आणि 1971 मध्ये ती पावणेपाच लाखांच्या घरात होती. अजव्याची भिंत उंचावून प्रश्न सुटला नसता. पश्चिमेला, गोरव्याकडे आणि पुढे, वाढणाऱ्या शहराला मही नदीकडे जावे लागले. मही जवळ होती आणि तिला पाणीही भरपूर, पण तिचे पात्र कोतरांत, म्हणजे खोल घळींत, आजूबाजूच्या सपाटीपासून फार खाली. तिचे पाणी उताराने शहरात येणे शक्यच नव्हते. फाजलपूर, रायका, दोडका, पोयचा इथे वाळूत आडवे चाळणीचे नळ पसरलेल्या फ्रेंच विहिरी झाल्या आणि पंपांनी ते पाणी वर आणले. पंप नसता तर शहर 1961 पाशी अडले असते, किंवा वाढलेली माणसे तहानेली राहिली असती. हे मान्य करूनच मी म्हणतो की अजव्याच्या योजनेने प्रश्न विचारला होता, किती माणसांसाठी? महीच्या पंपांनी तो विचारायची गरज ठेवली नाही. 2011 मध्ये महापालिकेच्या हद्दीतली लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या वर होती, आणि पुढचा आकडा किती धरायचा हे पाण्याच्या कुठल्याच दरवाजावर लिहिलेले नाही.

नर्मदेचा कालवा आला तेव्हा गाडी पुन्हा उतारावर आली असे कोणी म्हणेल. सरदार सरोवरापासून राजस्थानच्या हद्दीपर्यंत 458 किलोमीटरचा मुख्य कालवा बडोद्याजवळून जातो, मही नदी पुलावरून ओलांडतो आणि जवळजवळ सगळी वाट उताराने काटतो. जगन्नाथ सदाशिवजींना तो नकाशा पाहून समाधान वाटले असते. परंतु सौराष्ट्र चढावर आहे. मुख्य कालव्यातून फुटलेल्या सौराष्ट्र शाखा कालव्यावर सुरेंद्रनगरकडे पाच पंपिंग स्टेशने एकापुढे एक पाणी वर चढवतात, आणि तिथे बसलेल्या अजस्र पंपांमध्ये किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप आहेत. त्यांच्या पंख्याभोवतीही तेच शंखासारखे कवच आहे, माणूस आत उभा राहील एवढे मोठे.